पेशीचं मरण अडवणारं ह्युमॅनिन

नमस्कार मंडळी, आज मरणाबद्दल बोलायचंय, पण घाबरू नका, तुमच्याआमच्या नाही, पेशींच्या. आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी स्वतःहून मरतात आणि ते गरजेचंच असतं, आईच्या पोटात असताना आपली बोटं सुटी झाली तीसुद्धा मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मेल्या म्हणूनच. याला म्हणतात अ‍ॅपॉप्टोसिस.

आता हे घडतं कसं? पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, शाळेत आपण त्यांना पेशीचं पॉवरहाऊस म्हणून पाठ केलं आणि विसरून गेलो. पण बऱ्याचदा मरणाचा निर्णयही तिथेच पक्का होतो. बॅक्स नावाचं एक प्रोटीन एरवी पेशीच्या द्रवात गुपचूप पडून असतं, पेशीचं फार नुकसान झालं की ते मायटोकॉन्ड्रियावर जाऊन बसतं, बाहेरच्या पडद्याला भोकं पाडतं, आतलं सायटोक्रोम सी नावाचं प्रोटीन बाहेर सांडतं, मग कॅस्पेस नावाची एन्झाइम्स जागी होतात आणि पेशी आतून कापून काढतात. एवढं झाल्यावर माघारी फिरणं सहसा जमत नाही.

आणि इथे येतं ह्युमॅनिन. फक्त 24 अमिनो आम्लांची साखळी, म्हणजे इन्सुलिनच्याही निम्म्याहून लहान! 2001 मध्ये जपानच्या केओ विद्यापीठातल्या निशिमोतो यांच्या टीमला हे सापडलं. त्यांनी अल्झायमरच्या पेशंटच्या मेंदूचा मागचा भाग घेतला, कारण या आजारात तो भाग त्यातल्या त्यात बरा राहतो, आणि शोध घेतला की तिथल्या पेशींना कोण सांभाळतंय. (मला तर प्रश्न असा उलटा विचारणंच भारी वाटतं, सगळे मेलेल्या पेशींकडे बघत असताना हे जगलेल्यांकडे बघत होते.)

गंमत म्हणजे याचा कोड मिळाला मायटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएत, तोही 16एस आरआरएनएच्या (प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राचा एक भाग) जीनच्या आत. या डीएनएत जेमतेम 37 जीन्स आहेत आणि त्यातले 13 च प्रोटीन बनवतात असं पुस्तकात पक्कं छापलेलं, बाकी काही शिल्लक असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. पुढे 2015 मध्ये शेजारच्याच 12एस आरआरएनएच्या जीनमधून मॉट्स-सी नावाचं पेप्टाइड, म्हणजे अशीच अमिनो आम्लांची छोटी साखळी, निघालं.

2003 मध्ये कळलं की ह्युमॅनिन थेट बॅक्सलाच धरून ठेवतं, मायटोकॉन्ड्रियावर जाऊ देत नाही. म्हणजे जिथे मरण पक्कं होतं तिथल्याच डीएनएत त्याला अडवणाऱ्याचा कोड! शिवाय हे पेशीबाहेरही पडतं, रक्तात सापडतं, वय वाढतं तसं त्याचं प्रमाण कमी होत जातं. शास्त्रज्ञांनी त्यातलं 14 वं अमिनो आम्ल, सेरीन, काढून ग्लायसीन बसवलं तर लॅबमध्ये ताकद सुमारे हजारपट वाढली.

मग भरून घ्यायचं का अंगात? इथेच थांबा. मेंदूची पेशी गेली की सहसा तिच्या जागी नवी येत नाही, तिला वाचवणं ठीकच. पण बिघडलेली पेशी मेलीच पाहिजे, नाहीतर कॅन्सरची गाठ, आणि कॅन्सरच्या काही औषधांचं तर कामच अशा पेशींना मरायला लावणं, तिथे मरण अडवणारं काही असलं तर औषधाचाच घोळ होऊ शकतो. त्यामुळे इंटरनेटवर कुणी तरुण राहायचं इंजेक्शन म्हणून हे विकत असेल तर सरळ पुढे जा, कुठल्याही आजारासाठी मान्यता मिळालेलं औषध ते अजून झालेलं नाही.