खुराडं कुठे ठेवायचं?

[मखमलाबाद गावठाण, पहाट]

डालं उचललं की सगळ्यात आधी बाहेर येते काबरी कोंबडी. तिच्यामागे पिल्लं. नऊ आहेत. परवापर्यंत दहा होती, एक बोक्यानं नेलं. आजी कण्यांच्या डब्यात हात घालतात तसा काबरीचा आवाज बदलतो. बारीक, घाईघाईचा कुक-कुक. पिल्लांना तो कळतो. ती धावत येतात.

हे अंगण नाशिक महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. १९८२ साली महापालिका झाली आणि मखमलाबादसारखी आजूबाजूची खेडी शहरात आली. आजींच्या सासूच्या काळातही कोंबड्या इथेच होत्या, याच भिंतीच्या आडोशाला. अंगण जागचं हललं नाही, शहर मात्र त्याच्या दारापर्यंत आलं.

[आतल्या खोलीतली टोपली, टॉर्चचा उजेड]

ही दुसरी कोंबडी खुडूक आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. टोपलीत तूस, तुसावर जुनं लुगडं, त्यावर अकरा अंडी. प्रत्येक अंड्यावर आजींनी कोळशानं रेघ ओढली आहे. का, तर खुडूक कोंबडीच्या टोपलीत दुसरी कोंबडी येऊन अंडं घालून जाते. रेघ नसलेलं अंडं दिसलं की ते नवं, ते उचलायचं. नाहीतर एकाच टोपलीत कुणी आज फुटतंय आणि कुणी आठवड्यानं, असं होतं. मग कोंबडी पहिली पिल्लं घेऊन उठते आणि मागची अंडी गार पडतात.

सातव्या दिवशी नातू टॉर्च धरतो. मुठीच्या भोकावर अंडं ठेवलं की आतून लाल उजेड दिसतो. त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या की अंडं धरलं. नुसताच पिवळसर उजेड दिसला तर ते वांझ. अकरातली दोन अशी निघाली. बाकीच्या नऊंना एकवीस दिवस पुरे होईपर्यंत कोंबडी टोपली सोडणार नाही, दाणापाण्यापुरती उठेल तेवढीच. अंडी मात्र ती दिवसातून कितीतरी वेळा चोचीनं फिरवत राहते. बघा, आत्ता फिरवतेय.

२०१९ च्या पशुगणनेत देशात ८५ कोटींवर कुक्कुटपक्षी मोजले गेले. त्यातले ३१ कोटींहून जास्त परसातले, म्हणजे अशाच अंगणांतले. २०१२ च्या मानानं परसातल्या पक्ष्यांत सुमारे ४६ टक्के वाढ झाली. ही आजी मागच्या जमान्यातली शेवटची बाई नव्हे, हे सांगण्यासाठी हे आकडे.

[पाथर्डी फाट्याजवळची रो-हाऊसची गल्ली]

आता शहराच्या दुसऱ्या टोकाला. बारा रो-हाऊस, मधे चार-साडेचार फुटांच्या भिंती, मागे प्रत्येकाला खोलीएवढी जागा. या काकूंनी लॉकडाऊनमध्ये चार कोंबड्या आणल्या. कोंबडा आणला नाही, आणि हे त्या पहिल्याच वाक्यात सांगतात. कारण पुष्कळांना अजून वाटतं की कोंबड्याशिवाय अंडी मिळत नाहीत. अंड्यासाठी कोंबडा लागत नाही, पिल्लांसाठी लागतो. पहाटे साडेचारला बांग देणारा गल्लीत नसेल तर शेजाऱ्याची अर्धी तक्रार तिथेच संपते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत रहिवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ या वेळात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. त्यात कोंबड्याचं नाव नाही, पण तक्रारअर्जात हा आकडा हमखास येतो.

दुसरी अर्धी तक्रार वासाची. काकू खुराड्यात हात घालून मूठभर भरण काढून दाखवतात. हे भाताचं तूस, घोटीच्या राइस मिलवरून आणलेलं. तीन बोटं जाड थर. रोज सकाळी खुरप्यानं खालवर करायचं, ओलं दिसेल तेवढं काढायचं, वर थोडा चुना मारायचा. वास येतो तो ओल्या विष्ठेतून सुटणाऱ्या अमोनियाचा. भरण कोरडं ठेवलं की वास धरत नाही. मूठ उघडा आणि नाकाशी न्या, कॅमेरामननं नेली. पावसाळ्यात मात्र दुपटीनं काम पडतं, काकू ते लपवत नाहीत. काढलेलं भरण गोणीत जातं आणि गोणी मळ्यात. याच कोंबडीखताचे ट्रक आपल्या द्राक्षबागांत उतरतात, त्याला कुणी घाण म्हणत नाही.

[कायद्याच्या पुस्तकाची पानं, कलम ३७६]

मग नियम काय म्हणतो? महापालिकांचा कायदा १९४९ चा. त्यातलं कलम ३७६ परवान्याचं. त्याचा रोख धंद्यावर आहे: जनावरं विकण्यासाठी ठेवलीत का, त्यांच्यापासून मिळणारा माल विकताय का, तर परवाना घ्या. त्याशिवाय उपद्रव. घाण, दुर्गंधी, रोगाचा धोका दिसला तर पालिका कारवाई करू शकते. पण घरच्या माणसांपुरती अंडी देणाऱ्या कोंबड्या किती चालतील, शेजारच्या खिडकीपासून किती फुटांवर, याचा आकडा त्या कायद्यात नाही. मोठ्या पोल्ट्रीची गोष्ट वेगळी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं हजारो पक्ष्यांच्या शेडसाठी आहेत. काकूंच्या चार कोंबड्या त्यात कुठेच बसत नाहीत.

बांधकामाचं मात्र स्पष्ट आहे. सामासिक अंतराची, म्हणजे घर आणि हद्दीची भिंत यांच्यामधली, जागा मोकळी ठेवायची असते. तिथे विटांचं, पत्र्याचं पक्कं खुराडं बांधलं तर ते विनापरवाना बांधकाम. म्हणून काकूंचं खुराडं लाकडी आहे, चाकांवर आहे, आणि गरज पडली तर ढकलत गेटबाहेर नेता येतं. १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदाही लागू आहे: पक्ष्याला नीट हालचाल करता येणार नाही इतका तोकडा पिंजरा हा गुन्हा. देवळाली कॅम्पात छावणीची हद्द लागली की कॅन्टोन्मेंटचा २००६ चा कायदा. रस्ता ओलांडला की दुसरं कार्यालय.

आम्हाला यात एकच गोष्ट मागायची आहे. एक पान. कोंबड्या किती, कोंबडा नको, भिंतीपासून किती फूट, भरण किती दिवसांनी बदलायचं, राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस टोचल्याची नोंद कुठे करायची. एवढं लिहून वॉर्डात लावलं की काकूंनाही कळेल आणि शेजाऱ्यांनाही. आज दोघंही आपापल्या अंदाजानं भांडतात.

नोंदीचं म्हटलं ते उगीच नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आपल्याच विभागात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रीत. त्यावर राणीखेतची लस चालत नाही. तिथे पोल्ट्रीबरोबर घराघरांतल्या कोंबड्याही माराव्या लागल्या. कुणाच्या परसात किती पक्षी आहेत याची यादी पालिकेकडे असेल तर अशा वेळी शोधाशोध करावी लागत नाही.

[रिकामं खुराडं]

गेल्या उन्हाळ्यात सोसायटीनं काकूंना नोटीस दिली. 'इतर सभासदांना त्रास होईल असे कोणतेही कृत्य', उपविधीतली नेहमीची ओळ. पंधरा दिवसांची मुदत होती. चारही कोंबड्या दिंडोरीला, भावाच्या मळ्यात गेल्या. तिथे दोन बिबट्यानं नेल्या.

काकूंनी खुराडं धुऊन उन्हात ठेवलं. तूस मागवलं नाही, पण गोणी टाकूनही दिली नाही. मग त्यांनी सोसायटीला अर्ज लिहिला, वहीच्या पानावर, निळ्या शाईत: चार कोंबड्या, कोंबडा नाही, खुराडं मागच्या भिंतीपासून सहा फूट, भरणाची रोजची जबाबदारी माझी, तीन महिन्यांनी तक्रार आली तर मी स्वतः काढीन. खाली शेजारच्या दोन घरांच्या सह्या आहेत. त्यातली एक सही नोटिशीच्या वेळी तक्रार करणाऱ्या घरातली आहे, सुनेची. तिची मुलगी रोज सकाळी भिंतीवरून अंडं न्यायला यायची.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. अजेंडा फलकावर लागला आहे. पाण्याची टाकी, गेटचा रंग, पार्किंग. सातवा विषय काकूंचा अर्ज.