जंत दिसत नाहीत, म्हणून नसतात असं नाही

श्रोतेहो, नमस्कार.

कुत्र्याला घेऊन दवाखान्यात येणारी मंडळी दोन गोष्टी हमखास सांगतात. "डॉक्टर, शीत कधी किडा दिसला नाही, म्हणजे जंत नाहीत." आणि "बिस्किटं फार खातो हो, गोडानं जंत झाले असणार." दोन्ही समजुती काढून टाका. जंत गोडानं होत नाहीत, त्यांची अंडी किंवा अळ्या अंगात गेल्यानं होतात. आणि पोटात जंत असतानाही शी अगदी घट्ट, स्वच्छ दिसू शकते.

पिल्लांना तर बाहेर जावंही लागत नाही. गोल जंतांच्या अळ्या आईच्या अंगात सुप्त पडून असतात. ती गाभण राहिली की शेवटच्या आठवड्यांत त्या वारेतून पिल्लांकडे जातात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पिल्लाच्या शीतून अंडी पडू लागतात. अंगानं हडकुळं, केस राठ आणि पोट मात्र टम्म, अशा पिल्लाला कृपा करून बाळसेदार म्हणू नका. हुकवर्म त्याहून वाईट. तो आईच्या दुधातून येतो, ओल्या मातीतून कातडीवाटेही शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या, शी काळी चिकट झाली, तर लसीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. हा बहुधा पिसवांमुळे होतो: अंग चावताना कुत्रा पिसू गिळतो आणि तिच्यातली अळी पोटात जाते. त्यामुळे पिसवांचा बंदोबस्त केला नाही, तर गोळी देऊनही महिनाभरात पुन्हा तेच. ढुंगण घासत चालणं म्हणजे जंतच, असं मात्र नाही. बऱ्याचदा तिथल्या ग्रंथी तुंबलेल्या असतात.

आता तपासणी. सकाळची ताजी शी, चमचाभर, स्वच्छ डबीत घ्या आणि त्याच दिवशी पोचवा. उशीर होणार असेल तर डबी घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवा. त्यावर आजी काय म्हणतील, त्याची जबाबदारी माझी नाही. प्रयोगशाळेत शी मिठाच्या किंवा साखरेच्या दाट द्रावणात कालवतात. जंतांची अंडी हलकी असल्यानं वर तरंगतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतात. पण पट्टकृमी या तपासणीत अनेकदा निसटतो. व्हिपवर्म या चाबकासारख्या जंताची अंडी रोज पडत नाहीत, शिवाय लागण झाल्यावर ती दिसायला जवळजवळ तीन महिने जातात. तेव्हा कुत्रा खंगत असेल, शीतून आव-रक्त पडत असेल, तर एका चांगल्या रिपोर्टवर विसंबू नका.

औषधाचं म्हणाल, तर प्राझिक्वांटेल, पायरँटेल आणि फेबँटेल एकत्र असलेली गोळी सर्रास वापरतात, साधारण दहा किलो वजनाला एक. इथं अंदाजपंचे नको. कुत्र्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा आणि आपलं वजन वजा करा. लॅब्रॅडॉर उचलवत नसेल तर दवाखान्यात काटा असतोच. गोळीसाठी उपाशी ठेवायची गरज नसते. ती आतड्यातले जंत मारते, अंगात फिरणाऱ्या अळ्या बहुतेक सुटतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा डोस लागतो. पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला, आठव्या आठवड्यापर्यंत. पुढे सहा महिन्यांचं होईतो दरमहा, मग साधारण तीन महिन्यांनी. पाजणाऱ्या आईलाही पिल्लांबरोबरच औषध द्या. लसणाचा घरगुती उपाय करू नका, लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. आणि कोली जातीच्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिन हे जंतांवरचं औषध स्वतःच्या मनानं कधीही देऊ नका, जिवावर बेतू शकतं.

तळजाईवर, वेताळ टेकडीवर किंवा सोसायटीच्या बागेत फिरायला नेताना खिशात पिशवी असू द्या. गोल जंताचं अंडं बाहेर पडल्या पडल्या लागण करत नाही, मातीत त्याला निदान दोनेक आठवडे लागतात. एकदा तयार झालं, की मात्र ते वर्षानुवर्षं टिकतं. तेव्हा शी तिथल्या तिथे उचलली की काम झालं. मातीत खेळणाऱ्या मुलांच्या पोटात ही अंडी गेली, तर अळ्या यकृतात, क्वचित डोळ्यातही जाऊन बसतात आणि नजर अधू होऊ शकते. मुलांना खेळून आल्यावर साबणानं हात धुवायला लावा, आणि सोसायटीत वाळूचा हौद असेल तर रात्री त्यावर ताडपत्री टाकायला वॉचमनला सांगून ठेवा.

नमस्कार.