चेंडू आधी कुणाला?

२३ जानेवारी २०२२ ची रात्र. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड मैदानावर साठ मिनिटांचा खेळ संपला आहे आणि गुणफलकावर ३६–३६ अशी बरोबरी आहे. मैदानाच्या मध्यभागी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टातले पंच उभे आहेत, त्यांच्यासमोर दोन्ही संघांचे कर्णधार. बफलो बिल्स हा पाहुणा संघ असल्यामुळे कौल मागण्याचा मान त्यांचा आहे. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, जॉश ॲलन ‘काटा’ म्हणतो. नाणे वर उडते, गवतावर पडते, आणि छापा दिसतो.

त्यानंतर त्या सामन्यात ॲलनच्या हाती चेंडू पुन्हा आलाच नाही. त्याने त्या रात्री चार टचडाउन फेकले होते आणि त्यांतला शेवटचा तर खेळ संपायला केवळ १३ सेकंद उरलेले असताना. त्या १३ सेकंदांत यजमान कॅन्सस सिटी चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सने आपल्या संघाला ४४ यार्ड पुढे नेले, ४९ यार्डांवरून मारलेल्या किकने बरोबरी साधली आणि सामना जादा वेळेत गेला. नाणेफेक जिंकलेल्या चीफ्सनी साहजिकच आधी चेंडू घेतला, आठ चालींत ७५ यार्ड कापले, ट्रॅव्हिस केल्सीने टचडाउन केला आणि सामना ४२–३६ असा संपला. मैदानाबाहेरून पाहत राहण्यापलीकडे ॲलनला काहीही करता आले नाही.

येथे ज्या फुटबॉलविषयी आपण बोलत आहोत, तो कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर रंगणारा फुटबॉल नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल आहे आणि ‘एनएफएल’ ही त्याची व्यावसायिक लीग. या खेळात एका वेळी आक्रमण एकच संघ करतो. त्याने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे. ते जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न जमल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला तर टचडाउनचे सहा गुण, आणि तेवढे साधत नसेल तर खांबांमधून चेंडू मारून फील्ड गोलचे तीन. म्हणजे चेंडू हातात असणे ही येथे एक पाळीच असते, आणि सुपर ओव्हरमध्ये दोन्ही संघांना फलंदाजी मिळते हे पाहिलेल्या आपल्या प्रेक्षकाला साहजिकच प्रश्न पडतो की, एका संघाला पाळीच न देता सामना संपतो कसा?

हा नियम जन्मला तेव्हा तो इतका एकांगी नव्हता, हे आधी मान्य केले पाहिजे. २८ डिसेंबर १९५८ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बाल्टिमोर कोल्ट्स आणि न्यूयॉर्क जायंट्स यांच्यातला अंतिम सामना बरोबरीत सुटला आणि लीगच्या इतिहासात प्रथमच विजेतेपदाचा निकाल जादा वेळेत लागला. जो आधी गुण करील तो जिंकेल, असा तो ‘सडन डेथ’चा नियम होता. चेंडू आधी मिळाला जायंट्सना, पण त्यांना दहा यार्डही पुरे करता आले नाहीत आणि त्यांनी चेंडू लांब मारून सोडून दिला. मग जॉनी युनायटसने कोल्ट्सला ८० यार्ड चालवत नेले, ॲलन अमीचीने शेवटचा एक यार्ड खांद्याच्या जोरावर पार केला आणि कोल्ट्स २३–१७ ने जिंकले. त्या काळात बचाव भक्कम असे आणि लांबच्या किकवर फारसा भरवसा ठेवता येत नसे, त्यामुळे पहिली पाळी मिळणे म्हणजे सामना मिळणे असे समीकरण नव्हते.

१९७४ मध्ये हाच नियम साखळी सामन्यांनाही लागू झाला. पुढच्या वर्षांत खेळ बदलत गेला: चेंडू फेकून खेळणाऱ्या आक्रमणाला झुकते माप देणारे नियम आले, किक मारणारे खेळाडू पन्नास यार्डांवरूनही खांब साधू लागले, आणि १९९४ मध्ये किकऑफची (खेळ सुरू करताना चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे लांब मारण्याची) जागा पाच यार्ड मागे सरकवल्यामुळे चेंडू घेणाऱ्या संघाला सुरुवातच अधिक पुढून मिळू लागली. नियमाचे शब्द तेच राहिले, नाण्याचे वजन मात्र वाढत गेले.

ते किती वाढले होते, हे १९९८ च्या थँक्सगिव्हिंग या सणाच्या दिवशी साऱ्या अमेरिकेने पाहिले. पिट्सबर्ग स्टीलर्स आणि डेट्रॉइट लायन्स यांच्यात १६–१६ अशी बरोबरी झाली होती. नाणे हवेत असताना स्टीलर्सच्या जेरोम बेटिसच्या तोंडून आधी ‘छापा’चा अर्धा उच्चार आणि लगेच ‘काटा’ असे काहीसे निघाले. पंचांनी पहिला शब्द धरला. नाणे काट्यावर पडले, चेंडू लायन्सना मिळाला आणि पहिल्याच पाळीत फील्ड गोल मारून त्यांनी सामना जिंकला. त्यानंतर लीगने नियम बदलला, पण तो एवढाच की, यापुढे कौल नाणे उडवण्याआधी सांगायचा. एका अडखळलेल्या अक्षरावर सामना फिरतो हे दिसल्यावर लीगने अक्षराची काळजी घेतली. सामना त्यावर फिरावा की नाही, हा प्रश्न तसाच राहिला.

तो प्रश्न हाती घ्यायला २०१० साल उजाडावे लागले. त्या जानेवारीत न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी नाणेफेक जिंकून, मिनेसोटा वायकिंग्जला चेंडूचा स्पर्शही न होऊ देता, ४० यार्डांच्या फील्ड गोलवर सुपर बोलचे, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याचे, तिकीट मिळवले. दोनच महिन्यांनी संघमालकांनी २८ विरुद्ध ४ मतांनी प्लेऑफसाठी, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीसाठी, सुधारणा केली: पहिल्या पाळीत फील्ड गोल झाला तर दुसऱ्या संघाला संधी मिळेल, टचडाउन झाला तर मात्र सामना तेथेच संपेल. २०१२ पासून हे साखळी सामन्यांनाही लागू झाले.

माझ्या मते ही तडजोड मुळातच चुकीची होती. तिने अन्याय दूर केला नाही, फक्त त्याची किंमत तीन गुणांवरून सहा गुणांवर नेली. २०१७ च्या सुपर बोलमध्ये २८–३ अशा पिछाडीवरून उठलेल्या न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. पण नाणेफेक त्यांनी जिंकली, पहिल्याच पाळीत टचडाउन केला, आणि त्या मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला अटलांटा फाल्कन्सचा मॅट रायन चेंडूविना घरी गेला. २०१९ मध्ये याच पॅट्रियट्सविरुद्ध माहोम्सच्या वाट्याला तेच आले. चीफ्सनी तेव्हा नियम बदलण्याचा प्रस्ताव मांडला आणि तो मंजूर झाला नाही. तीन वर्षांनी त्याच नियमाच्या आधारे ते जिंकले. ॲरोहेडची ती रात्र धरून २०१० नंतरच्या प्लेऑफमध्ये अकरा सामने जादा वेळेत गेले होते. त्यांतले दहा सामने नाणेफेक जिंकणाऱ्याने जिंकले आणि सात पहिल्याच पाळीच्या टचडाउनवर संपले.

या नियमाचे समर्थक एक गोष्ट कळकळीने सांगतात: बचाव हाही खेळाचाच भाग आहे, तेव्हा समोरच्याला अडवा आणि चेंडू मिळवा. हे म्हणणे पोकळ नाही. परंतु बचाव हा खेळाचा भाग असेल, तर परीक्षा दोन्ही बचावांची व्हायला हवी. त्या रात्री कसोटी लागली ती बिल्सच्या बचावाची. चीफ्सचा बचाव, ज्याने ॲलनकडून ३६ गुण खाल्ले होते, जादा वेळेत मैदानात उतरलाच नाही.

मार्च २०२२ मध्ये मालकांनी २९ विरुद्ध ३ मतांनी प्लेऑफमध्ये दोन्ही संघांना एकेक पाळी देण्याचे ठरवले, आणि २०२५ च्या मोसमापासून साखळी सामन्यांतही तसेच झाले. मग प्रश्न मिटला का? याचे उत्तर लास व्हेगासमधल्या एका सामन्यात शोधावे लागते.

११ फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी नाणेफेक जिंकली आणि चेंडू आधी घेतला. त्यांच्या प्रशिक्षकांचा हिशेब असा होता की, दोघांची पहिली पाळी बरोबरीत सुटली तर तिसरी पाळी आपली, आणि तेथून पुढे जो आधी गुण करील तो जिंकेल. त्यांचे आक्रमण चीफ्सच्या नऊ यार्डांच्या रेषेपर्यंत, म्हणजे टचडाउनपासून नऊ यार्डांवर, पोहोचून थांबले. चौथा प्रयत्न, चार यार्ड हवे. तीन गुण पुरतील की नाही, हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. त्यांनी फील्ड गोल मारला. मग चेंडू माहोम्सकडे आला. आपल्याच ३४ यार्डांच्या रेषेवर चौथा प्रयत्न आणि एक यार्ड हवा, अशी वेळ आली. गुण समान असते तर अशा जागेवरून बहुतेक संघ चेंडू लांब मारून मोकळे होतात. परंतु आपण तीन गुणांनी मागे आहोत आणि चेंडू सोडला की सामना गेला, हे चीफ्सना ठाऊक होते, म्हणून तेथे द्विधा उरलीच नाही. माहोम्स स्वतः चेंडू घेऊन धावला आणि आठ यार्ड पुढे गेला. त्याच पाळीच्या शेवटी तीन यार्डांचा टचडाउन होऊन सामना २५–२२ असा संपला.

दोघांनाही पाळी मिळाली, पण त्या पाळ्या सारख्या नव्हत्या. एकाने न पाहता मोजले, दुसऱ्याने पाहून मोजले. आधी चेंडू घेणाऱ्याला तिसऱ्या पाळीची आशा असते, नंतर घेणाऱ्याला किती गुण हवेत याचे ज्ञान असते, आणि यातले जड काय यावर जाणकारांचे एकमत नाही. हा वाद होऊ शकतो, हीच २०२२ च्या सुधारणेची मोठी कमाई आहे. तरीही नाण्याचे वजन अजून शून्य झालेले नाही.

साखळी सामन्यांत तर घड्याळाची अडचण आहे. खेळाडूंच्या शरीरावरचा ताण कमी व्हावा म्हणून २०१७ मध्ये जादा वेळ पंधरा मिनिटांवरून दहा मिनिटांवर आणली गेली, आणि हे कारण खरे आहे. सत्तर चाली खेळून झालेल्या माणसाच्या गुडघ्यांना ते विचारावे. पण दहा मिनिटांत दोन संथ पाळ्या मावतात, तिसरी क्वचितच. सप्टेंबर २०२५ मध्ये डॅलस काउबॉइज आणि ग्रीन बे पॅकर्स यांनी जादा वेळेत एकेक फील्ड गोल मारला आणि सामना ४०–४० असा बरोबरीतच सुटला.

यावर एक उपाय लीगच्या समोर येऊन गेलेला आहे. २०२१ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने सुचवले की, एका संघाने चेंडू कोणत्या रेषेवरून सुरू होईल ते सांगावे आणि दुसऱ्याने त्या जागेवरून आक्रमण करायचे की बचाव, ते निवडावे. वाटणीत एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, हा न्याय आपल्याकडे शेताच्या बांधापासून घरातल्या बर्फीच्या तुकड्यापर्यंत सगळ्यांना समजतो. जागा फार सोयीची सांगितली तर प्रतिस्पर्धी चेंडू घेईल, फार अवघड सांगितली तर तो चेंडू तुमच्याच गळ्यात मारील. म्हणून सांगणाऱ्याला अशीच जागा शोधावी लागते, जेथे दोन्ही वाटे त्याला स्वतःला सारखे वाटतात. शिवाय जादा वेळेची सुरुवात किकऑफने होत नाही, म्हणजे वेगात येऊन होणारी एक धडक तरी वाचते. नियम बदलायला ३२ पैकी २४ मालकांची मते लागतात. या प्रस्तावाला ती मिळाली नाहीत. मला तो पुन्हा मांडला जावा असे मनापासून वाटते.

तो नियम असता तर ॲरोहेडच्या त्या रात्रीही मध्यभागी हीच माणसे उभी राहिली असती. नाणे उडाले असते आणि त्यावर फक्त एवढेच ठरले असते की, जागा कोण सांगणार. पंचांनी ॲलनला विचारले असते, कोणती रेषा? आपल्या दमलेल्या बचावाकडे आणि समोर उभ्या असलेल्या माहोम्सकडे पाहून त्याला एक आकडा सांगावा लागला असता. दहा, पंधरा, कदाचित त्याहूनही कमी. आणि मग तो आकडा ऐकून चीफ्सना ठरवावे लागले असते.