वेलांटीला जागा हवी

पडद्यावर एकच शब्द आहे : 'मूर्तींना'. नीट पाहा. 'म'खाली ऊकार लोंबतो आहे. 'ती'च्या डोक्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, तिघेही शिरोरेषेवरच्या एवढ्याशा पट्टीत दाटीवाटीने बसले आहेत. वेबसाइटचा आराखडा रोमन मजकूर भरून पक्का करायचा आणि शेवटी त्यात मराठी ओतायची, ही पद्धत इथेच फसते.

रोमन मजकुराला १.४ किंवा १.५ लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) पुरते. तेवढ्यातच मराठी परिच्छेद बसवला, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतो. मजकुरासाठी १.७ ते १.८ ठेवा, शीर्षकं १.३च्या खाली नेऊ नका. हा आकडा एककाशिवाय लिहायचा. पिक्सेलमध्ये लिहिला, की परिच्छेदाचं अंतर जसंच्या तसं मोठ्या शीर्षकालाही लागू होतं आणि त्याच्या ओळी एकमेकींवर चढतात. अक्षराचा आकार मात्र रेममध्ये, म्हणजे ब्राउझरच्या मूळ अक्षर-आकाराच्या पटीत, द्या. १.१२५ रेम म्हणजे साधारण १८ पिक्सेल. वाचकाने ब्राउझरमध्ये अक्षर मोठं केलं, तर मजकूरही मोठा होतो.

बटणांवर वेगळीच अडचण. उंची ठरावीक, शिवाय ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर जाईल ते लपवणारी सूचना), मग 'नोंदणी'ची वेलांटी वरून छाटली जाते. उंची बांधू नका, वर-खाली पॅडिंग (आतली मोकळी जागा) द्या.

लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्य. यात तडजोड नाही. अर्ध्या पिक्सेलची फट पडली तरी शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांची रांग होतो. अशी फट पाडणारा नियम बहुधा कुणी मुद्दाम लिहिलेला नसतो, तो इंग्रजी मेनूच्या शैलीतून आलेला असतो. म्हणून मराठी पानासाठी तो स्पष्टपणे रद्द करावा लागतो.

आता ठळक अक्षर. फॉन्टचं वजन म्हणजे अक्षराची जाडी : ४०० साधी, ७०० ठळक. फॉन्टची ४०० वजनाचीच फाइल पानावर आली असेल आणि शीर्षक ७०० मागत असेल, तर ब्राउझर अक्षराच्या कडा स्वतःच जाड करतो. 'क्ष', 'ह्म', 'द्ध' यांच्या आतली पांढरी जागा बुजते. मुक्ता या फॉन्टची सात वजनं मिळतात, त्यातली ४०० आणि ७०० पुरतात. तिरो देवनागरी मराठी दीर्घ लेखाला शोभून दिसतो, पण त्याला ठळक वजन नाही. शीर्षकाला जोडीचा फॉन्ट घ्यावा लागतो. तिरप्या अक्षराचा मोह टाळा. जोर द्यायचा तर वजनाने किंवा रंगाने द्या.

पानाची भाषा सांगायला विसरू नका. एचटीएमएलच्या (पानाच्या मूळ कोडच्या) लँग गुणधर्मात 'एमआर' हा मराठीचा संकेत लिहिला, की नोटो सॅन्स देवनागरीसारखे फॉन्ट मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आपणहून निवडतात. तिथे हिंदीचा संकेत राहिला, तर तोच फॉन्ट हिंदी वळण दाखवतो. मजकूर बरोबर असतो, तरी मराठी डोळ्याला काहीतरी खटकत राहतं. फॉन्टमध्ये मराठी रूपंच नसतील, तर संकेताचा उपयोग नाही, फॉन्ट बदला.

फॉन्टची फाइल किती जड, हा शेवटचा भाग, आणि सगळ्यात नाजूक. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकार असतात, म्हणून फाइल वॉफ-टू या वेबसाठीच्या आटोपशीर स्वरूपात द्या आणि फॉन्ट-डिस्प्ले स्वॅप ठेवा, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत मजकूर अदृश्य राहत नाही. फाइल लहान करायला तिच्यातल्या अक्षरांची काटछाट करताना युनिकोडचा (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या यादीचा) ०९०० ते ०९७एफ हा देवनागरी पट्टा घेऊन भागत नाही. २००सी आणि २००डी ही न दिसणारी जोडचिन्हंही लागतात, आणि फॉन्टमधले जोडाक्षरांचे नियम शाबूत राहावे लागतात. काटछाटीनंतर 'श्रद्धा', 'विद्या', 'क्षमा' आणि 'कुऱ्हाड' हे शब्द फोनवर उघडून पाहा. कुठेही सुटा हलन्त दिसला, तर नियम गळले आहेत. फाइल पुन्हा बनवावी लागेल.