ऑलिव्ह ऑइलची बाटली आणि बाकीचं ताट

नमस्कार मंडळी. हल्ली हार्टच्या डॉक्टरांकडून बाहेर पडलं की गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर अजून एक सल्ला मिळतो, मेडिटरेनियन डाएट, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या देशांतलं पारंपरिक जेवण, घ्या म्हणून, आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं एवढंच लक्षात राहतं की ऑलिव्ह ऑइल आणायचंय. मग ती महागडी बाटली येते, मिसळणाच्या डब्याशेजारी दिमाखात बसते, सॅलडवर चमचाभर तेल पडतं, आणि चहाबरोबरची खारी, संध्याकाळचं फरसाण, रात्रीचं आइस्क्रीम सगळं पहिल्यासारखं चालूच. आज याच्यावरच बोलूया.

हे प्रकरण गाजलं ते अन्सेल कीज नावाच्या अमेरिकन संशोधकामुळे. 1958 पासून त्यांनी सात देशांतल्या 12,763 मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास सुरू केला, हो, फक्त पुरुषांचाच, बायकांना कुणी विचारलंच नाही. अमेरिका, फिनलंड, हॉलंड, इटली, तेव्हाचा युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान. पूर्व फिनलंडमध्ये हार्ट अटॅकने माणसं पटापट जात होती आणि ग्रीसच्या क्रीट बेटावर फारच कमी. आता गंमत बघा, दोन्हीकडे जेवणातलं फॅट जवळपास तेवढंच, एकूण कॅलरीच्या 40 टक्क्यांच्या आसपास. पण फिनलंडवाल्यांचं ते लोणी आणि सायीच्या दुधातून यायचं आणि क्रीटवाल्यांचं ऑलिव्हच्या तेलातून. म्हणजे तेल-तूप एकूण किती यापेक्षा ते कुठलं, हा प्रश्न तिथून पुढे आला.

बरं, क्रीटचा शेतकरी खायचा काय? जवाचे कडक टोस्ट, रानातला पाला उकडून त्यावर भरपूर तेल, कडधान्यं, टोमॅटो, फळं, थोडं चीज, मटण कधीतरीच. शिवाय चर्चचे उपास वर्षातून कितीतरी दिवस, त्यात मांस नाही, दूध-अंडी नाहीत, आणि आपल्यासारखी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याचा चिवडा पण नाही! पण तो माणूस दिवसभर डोंगरात राबायचा हेही आहेच ना. त्यामुळे नुसतं बघून सांगता येत नाही की जेवणाने वाचला का मेहनतीने. त्यासाठी ट्रायल लागते, म्हणजे चिठ्ठ्या टाकून माणसांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला वेगळं खायला सांगायचं आणि वर्षानुवर्षं मागे लागून बघायचं काय होतं ते.

अशी सगळ्यात गाजलेली ट्रायल स्पेनची, प्रेडिमेड नाव तिचं. 7,447 लोक, वय 55 ते 80, हार्टचा आजार अजून झालेला नाही पण डायबेटिस, बीपी, सिगरेट असलं काहीतरी मागे लागलेलं. दोन गटांना मेडिटरेनियन जेवण सांगितलं, त्यातल्या एकाला वर एक्स्ट्रा व्हर्जिन, म्हणजे फळं नुसती दाबून काढलेलं, रिफाइन न केलेलं ऑलिव्ह ऑइल फुकट, घराला आठवड्याला एक लिटर. दुसऱ्याला रोज 30 ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट. तिसऱ्याला फॅट कमी करायचा सल्ला. साधारण पाच वर्षांनी हिशोब केला तर हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि त्या कारणाने मृत्यू हे सगळं मिळून पहिल्या दोन गटांत सुमारे 30 टक्क्यांनी कमी. 2013 मध्ये पेपर आला आणि जगभर हेडलाइन झाली.

पण या 30 टक्क्यांकडे जरा नीट बघूया, कारण पुढे व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचं काय काय झालं ते तुम्हाला माहितीये. सल्लावाल्या गटात शंभरातल्या साधारण 4.4 लोकांना त्रास झाला, तेलवाल्यांत 3.8 आणि सुकामेवावाल्यांत 3.4. (30 टक्के हा आकडा कोण किती वर्षं अभ्यासात राहिलं वगैरे फरक धरून काढलेला, म्हणून हे कच्चे आकडे त्याच्याशी तंतोतंत जुळत नाहीत.) म्हणजे शंभरामागे एखादा माणूस वाचला, तोही पाच वर्षांत. आणि जास्त फरक पडला तो स्ट्रोकमध्ये, हार्ट अटॅकचा आकडा एकटा घेतला तर तेवढा ठाम नाही. मला विचाराल तर नुसत्या जेवणाने एवढं होत असेल तर ते पुष्कळ झालं, पण गोळ्या बंद करण्याइतकं नक्कीच नाही. अजून एक, 2018 मध्ये हाच पेपर मागे घ्यावा लागला. काही ठिकाणी चिठ्ठ्या न टाकताच एका घरातल्या सगळ्यांना एकाच गटात टाकलं होतं, एका ठिकाणी तर दवाखानाच्या दवाखाना एका गटात. मग आकडेमोड परत केली, निकाल साधारण तेवढाच आला, पण भाषा जरा जपून वापरली. नंतर 2022 मध्ये स्पेनच्याच कॉर्दोबा शहरातल्या, आधीच हार्टचा आजार असलेल्या 1,002 जणांचा सात वर्षांचा अभ्यास आला, त्यातही लो-फॅटपेक्षा हेच जेवण सरस ठरलं, विशेषतः पुरुषांमध्ये. बायका त्यात कमीच होत्या, परत तेच.

आता हे चालतं कसं? लोणी, चीज, मटणाची चरबी कमी होऊन त्या जागी ऑलिव्हचं तेल आलं की वाईट कोलेस्टेरॉल म्हणजे एलडीएल उतरतं. जागी आलं की, हं, वरून ओतलं की नाही! डाळी-कडधान्यांमधला फायबर पित्तातले आम्ल धरून शरीराबाहेर नेतो, मग लिव्हरला नवं पित्त बनवायला रक्तातलंच कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. एक्स्ट्रा व्हर्जिनमध्ये पॉलिफिनॉल्स, म्हणजे वनस्पतींमधली एक प्रकारची द्रव्यं, असतात, तेच ते घशाला किंचित झोंबतं ते. आणि बाटलीवर बारीक अक्षरात पोमेस लिहिलं असेल तर तो चोथ्यातून सॉल्व्हंटने काढून रिफाइन केलेला माल, त्यात हे पॉलिफिनॉल्स जवळपास उरत नाहीत. लेबल वाचा.

फ्रान्समध्ये लिऑनला 1988 पासून 605 जणांवर एक ट्रायल झाली, सगळे पहिला अटॅक येऊन गेलेले. तिथले लोक ऑलिव्ह ऑइलवर काही राजी होईनात, म्हणून मेडिटरेनियन जेवणवाल्या गटाला अल्फा लिनोलेनिक अ‍ॅसिड (एक प्रकारचं ओमेगा-3 फॅट) वाढवलेलं मार्गारीन, म्हणजे वनस्पती तेलाचं लोण्यासारखं काहीतरी, दिलं, आणि त्या गटात दुसरा अटॅक निम्म्याहून कमी झाला. ट्रायल छोटी होती, खरंय. पण हेच अ‍ॅसिड आपल्या जवसात ठासून भरलेलं असतं, म्हणजे सोलापूरकडची किंवा विदर्भातली जवसाची चटणी. तिकडचे सार्डिन खातात, आपल्या कोकणात तारली आहे, तिचाच भाऊबंद. मटकी, चवळी, मसूर, अंबाडी, चाकवत यांना तर कुठून आणायची गरज नाही. फक्त मीठ आवरा आणि तारली तळून खाऊ नका, आमटी करा.

तिकडे जेवणाबरोबर वाइन घेतात, म्हणून वाइनबद्दल हमखास विचारतात. पीत नसाल तर हार्टसाठी म्हणून सुरू करू नका. आणि ज्यांना रक्त पातळ करायला वॉरफेरिन चालू आहे त्यांनी एकदम पालेभाजीचा मारा करायचा नाही, त्यातल्या व्हिटॅमिन केमुळे गोळीचं गणित बिघडतं, रोज साधारण सारखीच खायची. किडनीचा त्रास असेल तर डाळी, फळं, सुकामेवा वाढवायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, आणि पुढच्या वेळी रिपोर्ट काढाल तेव्हा पोटॅशियम पण बघून घ्या. चला, नमस्कार.