गाडीत काय कुठे आहे

नमस्कार मंडळी. डिसेंबर जवळ आला की आपल्या इंदुरात, रामबागेत काय आणि लोकमान्य नगरात काय, तरुण मुलांच्या गप्पा एकाच वळणावर येतात. एक गाडी, चार-पाच मित्र आणि कोकण. राऊ सोडायचं, मानपूरचा घाट उतरायचा, खलघाटला नर्मदा ओलांडायची, सेंधव्याच्या पुढे बिजासन घाटातून महाराष्ट्रात शिरायचं आणि धुळ्याला जेवायचं. हा बेत ठरताना हॉटेलांवर आठवडाभर चर्चा होते, आणि सामान मात्र निघायच्या आदल्या रात्री अकरा वाजता बांधलं जातं. म्हणून आज मी फक्त सामानाबद्दल बोलणार आहे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. जी वस्तू घाईच्या वेळी लागते, तिच्यावर दुसरं काही ठेवायचं नाही. आणि ती कुठे आहे हे गाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक असलं पाहिजे. घरच्यांबरोबर जातो तेव्हा आईला सगळं माहीत असतं. क्रोसिन कुठल्या कप्प्यात, सुरी कुठल्या पिशवीत, झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगते. मित्रांच्या गाडीत ती आई नसते. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने घेतलं असेल. स्पीकर तीन येतात आणि टॉर्च एकही येत नाही. तेव्हा काय न्यायचं याच्या आधी कोण काय आणणार हे नावानिशी ठरवा. औषधं एकाकडे, हत्यारं एकाकडे, खाणं एकाकडे. आणि निघताना डिकी बंद करण्यापूर्वी सगळ्यांनी एकदा मागे येऊन बघायचं.

डिकीपासूनच सुरुवात करते, कारण खरी पंचाईत तिथे होते. बहुतेक छोट्या गाड्यांची स्टेपनी डिकीच्या तळाशी, गालिच्याखाली असते. जॅक आणि पानाही तिथेच. आता कल्पना करा, रात्रीची वेळ, घाटाच्या अलीकडे टायर बसला, आणि स्टेपनीवर पाच जणांच्या बॅगा, त्यावर उश्या, त्यावर चिवड्याचे डबे. शेजारून ट्रक धडधडत चाललेत आणि तुम्ही रस्त्याच्या कडेला सामान उतरवून ठेवताय. एर्टिगा, इनोव्हासारख्या गाड्यांत स्टेपनी गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते. ती खाली सोडायला मागच्या बाजूने दांडा घालून फिरवावा लागतो, आणि तो दांडा कुठे ठेवलाय हे गाडीच्या मालकालाही कित्येकदा ठाऊक नसतं. काही नव्या गाड्यांत, विशेषतः इलेक्ट्रिक गाड्यांत, स्टेपनीच नसते, नुसता पंक्चर किट असतो. तुमच्या गाडीत यातलं काय आहे ते घरी असतानाच बघा.

म्हणून एक वेगळी कापडी पिशवी करा. तिच्यात जॅक, पाना, टॉर्च (डोक्याला बांधायची असली तर फार बरं, दोन्ही हात मोकळे राहतात), लाल चमकता त्रिकोण, जाड हातमोजे, ओढायचा दोर आणि गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप. अलॉय व्हील असतील आणि एका नटला लॉक असेल, तर त्याची चावीही याच पिशवीत. ती चावी नसेल तर जगातला कुठलाही पाना उपयोगाचा नाही. ही पिशवी डिकीत सगळ्यात शेवटी ठेवायची, म्हणजे उघडल्याबरोबर हातात येते. स्टेपनीतली हवाही निघण्यापूर्वी तपासा; वर्षभर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही आणि गरजेच्या दिवशी ती निम्मी बसलेली निघते. हवा टायर गार असताना मोजायची. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, आणि पाच माणसं व भरलेली डिकी असेल तर त्याचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो. तो वाचा.

ओघात आलंय तर सांगूनच टाकते. टायर बसला तरी उतारावर थांबू नका, सपाट आणि रुंद जागा मिळेपर्यंत हळूहळू पुढे घ्या. टायर वाया गेला तर जाऊ द्या. हँडब्रेक, इंडिकेटरचे चारही दिवे, त्रिकोण निदान पन्नास पावलं मागे, विरुद्ध बाजूच्या चाकाला दगड. गाडीत बसलेल्यांना उतरवून कठड्यापलीकडे उभं करायचं. नट थोडे ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. गाडी उचलल्यावर जोर लावला की चाक फिरतं आणि जॅक सटकतो. बसवताना नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळायचे. स्टेपनी बारीक चाकाची असेल तर तिच्यावर वेगाची मर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी 80 किलोमीटर. हात चालत नसेल तर राष्ट्रीय महामार्गावर 1033 आणि जिवावरचं काही असेल तर 112 हे क्रमांक लावा. दोन्ही क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा, कारण अशा वेळी साध्या गोष्टीही आठवत नाहीत.

आता औषधं. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण मित्र एकमेकांना हे सांगत नाहीत. कुणाला दमा असतो, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, कुणी मधुमेहाची इंजेक्शनं घेतं, आणि ग्रुपमध्ये विषय निघू नये म्हणून गप्प बसतं. ज्याच्याकडे औषधांची जबाबदारी आहे त्याने प्रत्येकाला वेगळं गाठून विचारायचं: तुला रोज काय लागतं, तुला काय चालत नाही, घरी कुणाला फोन करायचा. हे तिन्ही कागदावर. इन्हेलर ज्याचा त्याच्या खिशात, डिकीत कधीही नाही. इन्शुलिन असेल तर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. बंद गाडी बघता बघता भट्टी होते. ते थंड राहावं म्हणून बर्फावरही ठेवायचं नाही, गोठलेलं इन्शुलिन वाया जातं. जाड कापडात गुंडाळून छोट्या थर्मासच्या पिशवीत, बर्फाच्या पाकिटापासून लांब ठेवायचं आणि उतरताना बरोबर न्यायचं.

ओआरएसची पाकिटं सगळे घेतात, पण पेल्यात अर्धं पाकीट टाकून ढवळतात. तसं करू नका. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं असतं. प्रमाण बिघडलं तर फायदा होत नाही, उलट त्रास वाढू शकतो. ज्याला घाटात मळमळतं त्याने डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घाट लागण्याआधी अर्धा तास घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर नाही. तिने झोप येते, म्हणून त्या दिवशी त्याच्याकडे स्टिअरिंग द्यायचं नाही. मुलींनी पॅड आणि कागदी साबण हाताच्या पर्समध्येच ठेवा. पेट्रोल पंपावरच्या स्वच्छतागृहात पाणी असेल, नसेल.

खाण्याचं मी इंदूरकरांना काय सांगणार! पण शेवेची पाकिटं भरभरून नेता ना, ती तहान लावते आणि मग गाडी दर तासाला थांबते. रस्त्यासाठी दशम्यांसारखं दुसरं नाही. पाण्याऐवजी दुधात भिजवलेली कणीक, थोडा गूळ, तव्यावर तुपाने खरपूस. दोन दिवस आरामात टिकतात, हाताला तेल लागत नाही, चालवणाऱ्यालाही तुकडा मोडून देता येतो. एकच पथ्य: पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायच्या नाहीत. गरम भरल्या की आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो. सुती फडक्यात गुंडाळा. बरोबर लसणीची कोरडी चटणी, गुळांबा, एक सुरी. आणि कचऱ्याचा डबा. आपण 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिलं येणाऱ्या शहरातून निघतो. गाडीत डबा ठेवायची सवय इथे घराघरांत आहे, ती बिजासन घाट ओलांडल्यावर सोडायची नाही.

कपड्यांचं थोडक्यात. पहाटे राऊजवळ काच खाली केली तर बोटं बधिर होतात, आणि दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत शर्ट पाठीला चिकटतो. एक जाड जाकीट घेण्याऐवजी दोन-तीन पातळ थर घ्या. सुटकेस नको, मऊ बॅग घ्या, ती कुठेही बसते. जड बॅगा तळाला, मागच्या सीटला टेकून. सीटच्या पाठीपेक्षा उंच काही रचू नका, जोरात ब्रेक लागला की ते सरळ डोक्यावर येतं. टपावर जड सामान बांधलं तर वळणावर गाडी झुकते, म्हणून वर हलकंच ठेवा.

कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये असली तर 2018 पासून ती मूळ कागदांइतकीच ग्राह्य आहेत. पण घाटात रेंज नसते आणि बॅटरी नको तेव्हा संपते, म्हणून लायसन्स खिशात आणि विम्याची छापील प्रत गाडीत असू द्या. गाडी मित्राच्या वडिलांची असेल तर त्यांचा नंबर दोघांकडे हवा. नकाशा घरच्या वायफायवर आधीच उतरवून घ्या.

प्रश्न असतील तर आता विचारा. आणि ज्यांनी आजवर स्वतःच्या हाताने टायर बदललेला नाही, त्यांनी चहा झाल्यावर खाली पार्किंगमध्ये या. माझी गाडी तिथेच उभी आहे, पाना पिशवीत वरच आहे. एकेकाने नट ढिला करून बघायचा आहे, मुलींनी आधी.