फुटेजमधला चेहरा कोणाचा?

इंदूरचा सराफा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री त्यांच्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस. वर कॅमेरे. चोरी झाली की पोलीस आधी फुटेज मागतात. संशयिताचा फोटो जोडून दोन्ही तज्ज्ञाकडे जातात आणि तो लिहितो, ‘चेहऱ्यांत साम्य आहे.’ या मताला कोर्टात किती वजन द्यायचं?

कॅमेरा उंचावर असला की कपाळ मोठं दिसतं, हनुवटी आखूड. रुंद कोनाच्या लेन्सच्या कडेला चेहरा ताणला जातो. फाइल लहान करताना तीळ, व्रण पुसले जातात आणि नसलेले डाग उमटतात. अंधाऱ्या गल्लीत इन्फ्रारेडवर काही काळे कपडे चक्क पांढुरके दिसतात! हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तज्ज्ञ खरा लागतो तो इथे.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली तज्ज्ञाचं मत पुराव्यात येतं. डिजिटल पुराव्यासोबत जोडायचं कलम ६३चं प्रमाणपत्र मात्र वेगळं. त्यावरही तज्ज्ञाची सही असते, हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, असतं. पण ते फाइलबद्दल बोलतं, चेहऱ्याबद्दल नाही. या दोन गोष्टींची गल्लत होता कामा नये.

हिमाचलातल्या सफरचंदांच्या स्कॅब रोगाचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. जयलाल खटला, १९९९. न्यायालयानं सांगितलं, की तज्ज्ञानं नुसता निष्कर्ष देऊ नये. तो पारखण्याचे शास्त्रीय निकषही न्यायाधीशासमोर ठेवावेत. चेहऱ्यांच्या तुलनेला हे तंतोतंत लागू पडतं, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

ऑस्ट्रेलियातला हनीसेट खटला तर प्रत्येक वकिलानं वाचावा. दरोडेखोरानं डोकं-तोंड कापडानं झाकलेलं. शरीररचनाशास्त्राच्या प्राध्यापकानं फुटेजवरून डोक्याचा आकार, पाठीचा बाक, अंगकाठी आरोपीशी जुळवली. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं ते मत अग्राह्य ठरवलं: हे विशेष ज्ञानातून आलेलं नाही, फुटेज बघून बनवलेली वैयक्तिक समजूत आहे. शिक्षा रद्द झाली, फेरसुनावणीचा आदेश निघाला.

शिवाय डोक्याचा लांबट आकार किंवा पाठीचा बाक किती लोकांत आढळतो, हे ठाऊक नसेल तर पाच खुणा जुळल्या काय नि दहा जुळल्या काय.

म्हणून उलटतपासणीत तज्ज्ञाला विचारायलाच हवं: न जुळणाऱ्या खुणा अहवालात कुठे आहेत? फुटेज तपासण्याआधीच ‘हाच आमचा संशयित’ असं पोलिसांनी तुम्हाला सांगितलं होतं का? आणि तुम्हाला त्याच्यासोबत आणखी कोणाकोणाचे फोटो दिले होते?